नानांची मंगलाष्टकं आणि दोन भोकांचा लॅपटॉप

उमाशंकर मोघ्यांनी नवा लॅपटॉप खोक्यातून काढला, देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग उचलून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. उजवी कड कोरी. पुढची कोरी. मागची कोरी. डाव्या कडेला मात्र तांदळाच्या दाण्याएवढी दोन भोकं, तीही एकमेकांना खेटून.

"चारू," ते म्हणाले, "आपल्याला अर्धवट माल दिलाय. भोकं पाडायची राहिलीत."

चारुलताबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनीही लॅपटॉप फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि जुन्या साडीच्या घडीवर ठेवतात तसा अलगद खाली ठेवला. "मागाहून पाडून देत असतील," त्या म्हणाल्या. "पावती नीट ठेवलीय ना?"

आता उमाशंकर काही अडाणी गृहस्थ नव्हते. धार जिल्ह्याच्या नळपाणी खात्यात ते चौतीस वर्षं उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर होते. मनावर तालुक्याच्या काळ्या मातीत त्यांनी पाइप पुरले होते, तीन इंचीला दोन इंची जोडला होता, लोखंडाला प्लास्टिक जोडलं होतं, आणि एकदा तर टंचाईच्या दिवसांत कलेक्टरसाहेब समोर उभे असताना फुटलेल्या नळाला सायकलची ट्यूब बांधून पाणी चालू करून दाखवलं होतं. मध्ये योग्य तो सॉकेट घातला की जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला जोडता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेवरच पेन्शन चालू झाली होती. अशा माणसाच्या हातात जोडायला जागाच नसलेली वस्तू आली, तेव्हा त्याला काय वाटलं असेल याचा विचार करा.

लॅपटॉप घेतला होता तो नानांसाठी. नाना म्हणजे उमाशंकरांचे वडील, विष्णू मोघे मास्तर. शाळेत संस्कृत शिकवायचे. धारच्या मराठी घरांत लग्न निघालं की नवऱ्यामुलाच्या आधी नाना ठरायचे, कारण स्वतः रचलेली मंगलाष्टकं ते अशा भरदार आवाजात म्हणायचे की बँडवाले आपणहून थांबायचे. नात चिऊ नऊ वर्षांची असताना ते म्हणाले, "उमा, हिच्या लग्नाला मी असेन-नसेन. माझी मंगलाष्टकं भरून ठेव." उमाशंकरांनी घरच्या संगणकाला माइक लावून स्वतः ती टिपली आणि त्यांची सीडी करून आणली. पुढे नाना गेले, तो संगणकही गेला, सीडी मात्र कपाटात शालूच्या घडीत राहिली. आणि आता चिऊचं लग्न एकवीस दिवसांवर आलं होतं. मुलगा अंबरीश तारे, देवासचा. लग्नही देवासलाच, कारण अंबरीशचे आजोबा मोरोपंत अठ्ठ्याऐंशीचे, त्यांना प्रवास झेपत नव्हता.

तर सीडी आहे, लॅपटॉप आहे, आणि सीडी आत घालायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाशंकर खोकं काखेत मारून दुकानात गेले. काउंटरवर ऋतिका नावाची मुलगी होती. तिनेच लॅपटॉप विकला होता.

"सीडी कुठून घालायची?" त्यांनी विचारलं.

कोळसा कुठून घालायचा असं विचारल्यासारखं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "अंकल, सीडी अब कौन चलाता है?"

"बरं. पेनड्राइव्ह?"

"उसका डोंगल आता है."

"स्पीकरची पिन?"

"डोंगल."

"प्रोजेक्टर?"

"उसका भी डोंगल. अलग वाला."

उमाशंकरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे बेटा, जे जे तुम्ही आतून काढलं ते ते मी पिशवीत घालून बरोबर घेऊन फिरायचं?"

"हाँ," ऋतिका आनंदानं म्हणाली, "पर लैपटॉप कितना हल्का हो गया ना!"

यावर माणसानं काय बोलावं? उमाशंकर खोकं पुन्हा काखेत मारू लागले. ते बघून तिला दया आली असावी, कारण तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. कंपनीनं ग्राहकांना विचारलं होतं, पुढच्या मॉडेलात कोणकोणते पोर्ट ठेवावेत आणि कोणते काढावेत. खाली सूचनेसाठी तीन ओळी रिकाम्या होत्या.

चौतीस वर्षांच्या नोकरीत उमाशंकरांना कुणी विचारून काही केलं नव्हतं. त्यांनी तो कागद घरी आणला आणि संध्याकाळी ओट्यावर बैठक बसवली.

बैठकीला पहिले आले शेजारचे उदाजीराव. त्यांचे पणजोबा दरबारच्या पागेवर होते आणि उदाजीरावांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मिशा मात्र अजून पागेवरच्याच. त्यांनी लॅपटॉप हातात घेऊन तलवारीची धार बघावी तसा डोळ्यासमोर आडवा धरला.

"भिया, हे काय आहे? ह्याला ते दोन पेचवालं पोर्ट नाही? निळं? जुन्या डब्ब्यांना असायचं ते. वायर लावली, दोन्ही पेच कसले, के मग वादळ आलं तरी हलत नव्हती."

"बरोबर," उमाशंकर गहिवरून म्हणाले, "आटे पाहिजेतच. बिनआट्याचा जोड म्हणजे गळती." आणि त्यांनी कागदावर लिहिलं : पेचाचे पोर्ट, ठेवावे.

चिऊ आत फोनवर होती ती बाहेर आली. ती इंदूरला नोकरीला, हिंदीत शिकलेली. मराठी बोलायची, पण वाचायची वेळ आली की आईकडे द्यायची. "बाबा, कशाला हे सगळं? पोर्ट-वोर्ट काही नको. आता सगळं हवेतून होऊन जातं."

"हवेतून पाणी गेलेलं मी पाहिलं नाही," उमाशंकर म्हणाले.

"मी नानांचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये टाकून देते ना. हॉलमध्ये सीधा प्ले."

"मोबाइलवर? आणि मंगलाष्टकाच्या मध्येच कर्ज हवंय का विचारायला फोन आला तर? अंतरपाट धरलेला, आणि माझे नाना थांबून त्या बाईला जागा देणार?"

चारुलताबाई इतका वेळ वाटाणे सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बाकी काही लिहा, न लिहा. चार्जिंगचं भोक निराळं ठेवा म्हणावं. समईत तेल घालायला कुणी समई विझवत नाही."

उमाशंकरांनी बायकोकडे पाहिलं. इतकी शहाणी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचं त्यांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी ती आपल्या शब्दांत लिहिली. तीन ओळी केव्हाच संपल्या होत्या. पुरवणी जोडून एकूण चार पानं झाली, शेवटी "आपला विश्वासू" आणि सही. कागद दुकानात पोचला. पण सीडी होती तिथेच होती.

सीडी चालवणारं यंत्र धारमध्ये शोधता शोधता चार दिवस गेले. फोटो स्टुडिओवाल्यानं हात जोडले. सायबर कॅफेच्या जागी मोमोचं दुकान झालं होतं. शेवटी उदाजीरावांनाच आठवलं की एका सरकारी कचेरीत जुना संगणक आहे आणि तो अजून सीडी गिळतो. कचेरीचं नाव इथे घेत नाही. तिथल्या लोकांनी वाईट काहीच केलं नाही. सगळं नियमानं केलं, आणि नियमानं केलेलं फार लागतं.

तिथले बाबू होते धवलजी, गोड स्वभावाचे. "बाहर की सीडी नहीं लगा सकते, मोघे साहब. वायरस का परिपत्र है." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर कोई शिकायत के साथ साक्ष्य में लगा दे, तो लगानी ही पड़ेगी. सुनना पड़ेगा. कंप्यूटर में चढ़ानी भी पड़ेगी."

"शिकायत कसली?"

"आवाज़ की कर दो. सीडी में आवाज़ ही है ना?"

"आणि कुणाविरुद्ध?"

उदाजीराव शेजारी उभे होते. त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "लिहा आमचं नाव, भिया. चिऊ आमचीपण मुलगी आहे. एका कागदानं आमचं काय जातं?"

असा हा माणूस. उमाशंकरांचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे त्यांनी अर्ज लिहिला की ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते अनावेदक उदाजीराव हे रोज सकाळी भारी आवाजात श्लोक म्हणतात, आवेदकाची शांतता भंग होते, साक्ष्य म्हणून सीडी सोबत जोडली आहे. धवलजींनी शिक्का मारला, सीडी यंत्रात घातली, आणि कचेरीत नानांचा आवाज घुमला. दहा सेकंद. धवलजींनी ऐकलं, मान डोलावली, आणि शेऱ्यात लिहिलं : आवाज़ भारी है.

"झालं? आता ती पेनड्राइव्हवर द्या आणि सीडी परत द्या," उमाशंकर हात पुढे करून म्हणाले.

"वापस?" धवलजींनाच धक्का बसला. "वापस कैसे? ये तो अब नस्ती में लग गई. निराकरण के बाद मिलेगी, आवेदन देके."

उमाशंकर खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, पायरीवर बसले. नानांचा आवाज नस्तीत, म्हणजे फायलीत, अडकून लोखंडी कपाटात गेला होता आणि लग्नाला सोळा दिवस होते.

निराकरणाची पहिली पायरी म्हणजे नोटीस. ती घेऊन जो शिपाई आला तो गल्लीच्या तोंडाशीच उभा राहून ओरडला, "अनावेदक उदाजीराव कौन है? अनावेदक!" दुधाला उभ्या असलेल्या बायका वळल्या. उदाजीराव दाढी अर्धी ठेवून बाहेर आले. नाव आपणच दिलंय हे त्यांना माहीत होतं, पण मनात दिलेलं नाव आणि गल्लीत पुकारलेलं नाव यांत फरक असतो. "आमच्या घराण्यात दोनशे वर्षांत अनावेदक कुणी झालं नाही," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस त्यांनी उमाशंकरांना रामराम केला नाही. उमाशंकरांनी चारुलताबाईंच्या हाती पुरणपोळ्या पाठवल्या. पोळ्या ठेवून घेतल्या गेल्या, डबा मात्र शिपायासारखा बाहेरूनच परत आला.

तिसऱ्या दिवशी मौक्यावर, म्हणजे जागेवर येऊन, पाहणी झाली. धवलजी आणि एक पंच आले, ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि चहा संपल्यावर म्हणाले की साक्ष्यातल्या आवाजाशी अनावेदकाच्या आवाजाचं मिलान करणं जरुरी आहे. तेव्हा अनावेदकानं श्लोक म्हणून दाखवावा.

"मी?" उदाजीराव म्हणाले. जन्मात त्यांनी आरतीसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हटली होती.

"म्हणा हो," उमाशंकर रडवेल्या आवाजात म्हणाले. "चिऊसाठी म्हणा."

उदाजीराव उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि त्यांना येत असलेला एकमेव श्लोक त्यांनी म्हटला. गल्लीतले दोन कुत्रे उठून निघून गेले. समोरच्या घरातलं तान्हं बाळ रडायला लागलं. पंचांनी कागदावर लिहिलं ते उमाशंकरांनी खांद्यावरून वाचलं : अनावेदक की आवाज़ साक्ष्य से भी अधिक भारी पाई गई. म्हणजे खोटी म्हणून केलेली तक्रार खरी ठरली होती!

"आता?" उमाशंकरांनी विचारलं.

"अब तो कार्रवाई होगी," धवलजी म्हणाले. "नहीं तो दोनों राजीनामा दे दो."

हे आतून ऐकून चारुलताबाई धावत बाहेर आल्या. "रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता कसला राजीनामा? पेन्शन बंद करणार का मेले?" इकडच्या सरकारी भाषेत राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड, हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. तडजोडीच्या कागदावर सही करताना उदाजीरावांनी मान ताठ ठेवली. सही झाल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "भिया, खरं सांगा. इतका वाईट होता का?"

"अहो, खणखणीत होता," उमाशंकर म्हणाले. मैत्री वाचवायची म्हणजे तेवढं बोलावंच लागतं.

लग्नाला सहा दिवस उरले असताना नस्ती बंद झाली. कचेरीत गेल्यावर उमाशंकरांना प्रथम तो जुना संगणक नीट बघायला मिळाला. पुढे, मागे, वर, सगळीकडे भोकं. गोल, चपटी, लांब, पेचाची. त्यांनी मोजली तर अकरा भरली. जुन्या घरात आल्यासारखं वाटून ते बघतच राहिले. तेवढ्यात धवलजींनी नस्ती उघडली.

नस्तीतले कागद नाडीनं ओवलेले होते. अर्ज ओवलेला, नोटीस ओवलेली, पंचनामा ओवलेला. आणि पंचनाम्याच्या मागे सीडी, तीही ओवलेली. नियमाप्रमाणे तिला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडली होती.

ज्या लॅपटॉपला भोकं हवी होती त्याला ती कुणी पाडली नाहीत, आणि जिला नको होती तिला पाडून नाडी ओवली. उमाशंकरांनी टेबलाची कड धरली. धवलजींनी घाईघाईनं पाणी दिलं.

"अरे साहब, घबराओ मत! पहले दिन ही कंप्यूटर में चढ़ा ली थी ना. साक्ष्य है, खोने थोड़ी देंगे." आणि त्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह काढून त्यावर नानांना उतरवून दिलं. उमाशंकरांनी तो पेनड्राइव्ह छातीच्या खिशात ठेवला आणि धारभर एक हात छातीवर ठेवून चालले. वाटेत दोघांनी त्यांना डॉक्टरकडे पोचवू का म्हणून विचारलं.

पुढे डोंगल. पहिला आणला तो निघाला प्रोजेक्टरचा. तो बदलून दुसरा आणला. त्यात पेनड्राइव्हही बसायचा आणि स्पीकरची पिनही. उमाशंकरांच्या भाषेत सांगायचं तर टी-सॉकेट. पण हा दुसरा असा रुंद होता की एका भोकात घातला की शेजारचं भोक झाकून टाकायचा. म्हणजे एक तर आवाज, नाही तर चार्जिंग. चारुलताबाईंनी एकदा त्या डोंगलकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि देवापुढच्या समईत तेल घातलं.

"आधी पूर्ण चार्ज करून न्यायचा," उमाशंकर म्हणाले, "सोप्पं आहे." त्यांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. नानांचा आवाज खोलीत उमटला मात्र, चारुलताबाईंनी पदर डोळ्याला लावला, चिऊ मुसमुसायला लागली, आणि उमाशंकरांनी पहिलं कडवं संपायच्या आत लॅपटॉप मिटला. एवढी परीक्षा पुरे झाली. लगेच शंभर टक्के चार्ज करून त्यांनी तो शालीत गुंडाळून ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. देवासच्या टेकरीच्या पायथ्याशी हॉल, चारशे माणसं, मुहूर्त दुपारी बारा सतराचा. उमाशंकर सकाळपासून पाहुण्यांत अडकले होते. बाराला दहा कमी असताना ते लॅपटॉप घ्यायला गेले, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लॅपटॉप दारातल्या टेबलावर उघडा होता आणि त्यावर चिऊचे लहानपणचे फोटो एकामागून एक येत होते. भोवती आत्या, मावश्या, माम्या. "किती गोंडस होती गं!"

"कुणी लावलं हे?"

"मीच," चारुलताबाई हसत म्हणाल्या. "नऊ वाजल्यापासून चाललंय. सगळ्यांना इतकं आवडलं!"

कोपऱ्यात बॅटरीचा आकडा लाल होता. पाच.

उमाशंकर लॅपटॉप उचलून पळाले. साठीनंतर ते पहिल्यांदाच पळत होते, आणि तेही फेटा बांधून. स्टेजमागे साउंडवाले अजेयभिया त्यांच्या भल्यामोठ्या खोक्यांमध्ये बसले होते. चार्जर लावला. अकरा मिनिटांत आकडा नऊ झाला. तेवढ्यात स्टेजवरून हाक आली, "मोघे, मंगलाष्टकं!"

मोरोपंतांनी सगळ्यांना आधीच उभं केलं होतं. ते स्वतः खुर्चीवर काठी धरून ताठ बसले होते. अंतरपाट धरला होता. इकडे चिऊ, तिकडे अंबरीश, दोघांच्या हातांत हार. उमाशंकरांनी चार्जर काढला, डोंगल घातला, पिन घातली, नानांना चालू केलं.

*धारेची तनया निघे परघरी घेऊनिया चांदणे…*

काय तो आवाज! वरातीचे घोडेवालेसुद्धा दारात येऊन उभे राहिले. चारशे माणसं गप्प. मोरोपंतांनी डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, सावधान झालं, अक्षता पडल्या. दुसरं कडवं झालं. उमाशंकरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि एकवीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण एक गोष्ट नीट केली असं वाटत होतं.

मग स्पीकरमधून खोकल्याचा आवाज आला.

"उमा, पाणी दे जरा. ते यंत्र बंद केलंस का?"

"केलं नाना," दुसरा एक आवाज म्हणाला. तो उमाशंकरांचा होता, सतरा वर्षांनी तरुण आणि आत्मविश्वासानं भरलेला.

हॉलमध्ये खसखस पिकली.

"बरं, एक सांगून ठेवतो," नाना निवांतपणे म्हणाले. "चिऊला स्थळ कुठलंही बघ. इंदूरचं बघ, ग्वाल्हेरचं बघ, अगदी खातेगावचं बघ. पण देवासचं बघू नकोस."

खसखस थांबली. हे आपण सतरा वर्षांपूर्वी ऐकून साफ विसरलो होतो, हे उमाशंकरांना आत्ता आठवलं.

स्पीकरमधून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. देवासची दोनशे माणसं त्या एका घोटाएवढा वेळ श्वास धरून उभी होती. उमाशंकरांची बोटं लॅपटॉपवर कुठे कुठे पडत होती, पण हवं ते बटण काही त्यांना सापडत नव्हतं.

"तो मोरोपंत तारेच घे…"

आणि लॅपटॉप विझला. बॅटरी संपली होती.

कुणीतरी खोकलं. अंतरपाटावरून अंबरीशचा फेटा दिसत होता, तोही हलत नव्हता. चारुलताबाईंचा चेहरा पांढरा पडला. उमाशंकरांच्या मनात आलं, आता मोरोपंत उठतील, काठी उचलतील आणि तारे मंडळी दाराबाहेर जातील. चौतीस वर्षांत इतकी मोठी पाइपलाइन कधी फुटली नव्हती.

मोरोपंतांनी डोळे उघडले. "पुढे काय म्हणाला?"

"आजोबा, ते… बॅटरी…" उमाशंकर म्हणाले.

"मग भरा ती."

"पण मुहूर्त…"

"मुहूर्ताला सात मिनिटं आहेत. मी सगळ्यांना मुद्दाम लौकर उभं केलंय. विष्णू मोघे माझ्याबद्दल काय म्हणाला ते ऐकल्याशिवाय मी अक्षता टाकणार नाही." आणि त्यांनी अक्षतांची मूठ मिटून काठीवर ठेवली.

उमाशंकरांनी डोंगल उपसून चार्जर लावला. आता डोंगल बसणार नव्हता, म्हणजे पेनड्राइव्ह नाही आणि स्पीकरही नाही. पण आदल्या दिवशी चिऊनं गुपचूप नानांना लॅपटॉपच्या आतही ठेवून दिलं होतं. तिनं स्टेजवरूनच खूण करून ते सांगितलं. राहिला आवाज. अजेयभियांची माणसाएवढी खोकी मुकी उभी होती आणि लॅपटॉपच्या पोटातून डब्यात अडकलेल्या माशीएवढा आवाज येत होता.

तेव्हा उदाजीराव पुढे झाले. त्यांनी माइक काढून घेतला आणि एका गुडघ्यावर बसून लॅपटॉपच्या तोंडाशी धरला. "चूप!" ते हॉलकडे वळून म्हणाले. पंचनाम्यात नोंदलेला तो आवाज होता. पंखेसुद्धा बंद झाले.

"…मोरोपंत तारेच घे. मास्तरकीच्या ट्रेनिंगला होता माझ्याबरोबर. भारी हेकट. 'आशीर्वाद' या शब्दावरून भांडलो आम्ही. तो म्हणे शी दीर्घ, मी म्हणे ऱ्हस्व. सगळ्या वर्गासमोर मी त्याला मूर्ख म्हटलं." नाना थांबले. "दुसऱ्या दिवशी कोश उघडला. त्याचंच बरोबर होतं. पण सांगायला गेलो नाही. बावन्न वर्षं झाली, उमा. आता देवासचं स्थळ म्हणजे कुठेतरी तो भेटणारच. कुठल्या तोंडानं उभा राहू त्याच्यापुढे? म्हणून म्हणतो."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चल, आता तिसरं म्हणतो. लाव तुझं यंत्र."

"लावतो नाना," तरुण उमाशंकर म्हणाले.

मोरोपंत काठीकडे बघत होते. "माझंच बरोबर होतं हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. मग हॉलभर नजर फिरवून, "चारशे माणसांसमोर ऐकायला बरं वाटलं."

उदाजीरावांचा गुडघा थरथरायला लागला होता, पण माइक हलला नाही. नानांनी घसा साफ केला आणि तिसरं कडवं उचललं.

*आशीर्वाद तुला मिळोत सगळे दोन्ही कुळांचे सदा…*

शी दीर्घ होती. नानांनी ती धरली, लांबवली, मास्तर फळ्यावर अक्षर गिरवतात तशी गिरवली, आणि मगच पुढे सरकले.

"बरोबर," मोरोपंत म्हणाले. सावधान व्हायला अजून तीन ओळी बाकी होत्या, पण त्यांनी मूठ उघडली आणि अक्षता टाकल्या.